पहारा आणि जन्म

मिशेल फुको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात बेंथॅमच्या तुरुंग-आराखड्याची मीमांसा केली आहे. मधल्या मनोऱ्यातून पहारेकरी पाहतो आहे की नाही हे कैद्यास कळत नाही. म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. सत्ता माणसाला केवळ दडपत नाही, घडविते, हे प्रतिपादन आम्हांस मान्य आहे. परंतु ते भारतीय अनुभवास जसेच्या तसे लागू पडत नाही. फुकोंच्या तुरुंगात प्रत्येक कैद्याची स्वतंत्र नोंद होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र सबंध जमातच गुन्हेगार ठरविली. हजेरी, परवाना, पुढे वसाहतीचे कुंपण, हे सारे जन्मानेच वाट्यास आले. गुन्हा घडण्याची वाटही पाहिली गेली नाही. पिढीजात धंदा असतो तसा पिढीजात गुन्हा, ही कल्पना इंग्रजांना जातिव्यवस्थेत आयतीच मिळाली! बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत या जमातींना अस्पृश्य व आदिवासी यांच्या पंक्तीत ठेवून हिंदू संस्कृतीलाच जाब विचारला, तो उगाच नव्हे.

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पहारा उठला काय? लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचावे. पोलीस तेथे आरोपीच्या नव्हे, जमातीच्या घरात शिरतात. आणि मुलाने शाळेत जाणे खुद्द त्याच्या माणसांनाच अशुभ वाटते. फुकोंचा मनोरा येथे मनात उभा आहे. मात्र फुकोंच्या ग्रंथात कैदी क्वचितच बोलतो; ‘उचल्या’त तो पोलिसाचे वर्णन करतो.