दुखण्याची भाषा

शरीराच्या दुखण्यास वाङ्मयांत मानाचें स्थान मिळत नाहीं, ही तक्रार जुनी आहे. व्हर्जिनिया वुल्फ या विदुषीनें 1926 सालीं आजारपणावर जो निबंध लिहिला, त्याचा रोख असाच आहे : इंग्रजी भाषा प्रेमाच्या बाबतींत श्रीमंत आणि डोकेदुखीच्या बाबतींत भिकारी. इंग्रजीविषयीं तें खरें असेल. मराठीस तो आरोप लागू पडत नाहीं, असें मला वाटूं लागलें तें मात्र पुस्तकें वाचून नव्हे.

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ व वसमत यांच्या दरम्यान शिरड शहापूर हें गांव आहे. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें यात्रेकरूंना तें ठाऊक असतें. आसपासचा मुलूख हळदीचा. तेथील माझे एक स्नेही माळवदावरून पडले. कणा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलें. दुखणें तेवढें राहिलें. पाठींत विजेचें यंत्र बसवावें असा विचार निघाला, तेव्हां मी सोबत गेलों होतों. डॉक्टर परप्रांतीय होते. ‘कसें दुखतें?’ या प्रश्नास स्नेह्यांनीं उत्तर दिलें : बसलें कीं ठणका लागतो, उठतांना कळ येते, पोटरींतून सणक जाते, रात्रीं तळव्यांची आग होते आणि आभाळ आलें म्हणजे नुसती रग. पदवीधर चिरंजीवांनीं त्याचें भाषांतर केलें : ‘व्हेरी मच पेन.’

हा विनोद नव्हे. मॅकगिल विद्यापीठांतील रोनाल्ड मेल्झॅक यांनीं 1975 सालीं दुखण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तींत 78 शब्द 20 गटांत लाविलेले आहेत. कारण रुग्ण कोणता शब्द उचलतो यावरून दुखण्याच्या जातीचा माग लागतो. आग, सणक, मुंग्या हे शब्द बहुधा मज्जातंतूंकडे बोट दाखवितात. चिरंजीवांच्या तीन शब्दांत हें सारें गळून गेलें.

याच मेल्झॅक यांनीं पॅट्रिक वॉल यांच्यासह 1965 सालीं एक उपपत्ति मांडली होती. कोपर आपटलें म्हणजे आपण तें चोळतों. त्या स्पर्शानें मज्जारज्जूंतील जणूं एक दार लोटलें जातें आणि वेदनेस आंत शिरणें अवघड होतें. हेंच दार विजेनें लोटावें म्हणून अमेरिकेंतील नॉर्मन शीली या शस्त्रवैद्यानें 1967 सालीं कर्करोगाच्या एका रुग्णास पहिलें यंत्र बसविलें. आज त्याच्या बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवितात आणि बॅटरीची डबी कातडीखालीं. आधीं कांहीं दिवस बाहेरच्या यंत्रावर परीक्षा होते. दुखणें निम्म्यानें उतरलें तरी तें यश समजतात. हा ‘निम्म्यानें’ शब्द घरच्या मंडळींच्या गळीं उतरत नाहीं. यंत्र बसलें, आतां काय दुखतें? असें विचारणारे पाहुणे स्नेह्यांच्या ओसरीवर कितीतरी येऊन गेले.

त्यांना ठणक्याच्या मोबदल्यांत झिणझिण्या मिळाल्या. नव्या धर्तीच्या कांहीं यंत्रांत त्या जाणवत नाहींत; यांच्या यंत्रांत जाणवतात. उताणें निजलें कीं त्या वाढतात, कारण मज्जारज्जु तारांच्या अधिक जवळ येतो. मग उशाचा रिमोट चांचपावा लागतो. चार्जिंगच्या दिवशीं गांवांत वीज नसली म्हणजे त्यांचा चेहरा पाहवत नाहीं.

असल्या आयुष्याचें आमच्या वाङ्मयांत काय होतें? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें ‘चाकाची खुर्ची’ हें आत्मकथन प्रसिद्धच आहे. सोळाव्या वर्षीं त्यांचें कमरेखालचें शरीर लुळें पडलें. पुढें त्यांनीं अपंगांसाठीं संस्था उभी केली. शीर्षकांत एकही भावना नाहीं, नुसती वस्तु आहे. हा संयम मला मोठा वाटतो. आम्ही वाचक मात्र अशा पुस्तकास लगेच ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून हार घालतों आणि मोकळे होतों. 1965 च्या युद्धांत गोळ्यांनीं जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांचें 1972 चें हायडेलबर्गचें सुवर्णपदक आम्हांस पाठ असतें. त्यांच्या पाठीची चौकशी कोणी करीत नाहीं. जिंकलेलें दुखणें तेवढें आम्हांस हवें असतें. माझे स्नेही जिंकलेले नाहींत, हरलेलेही नाहींत. अशा मनुष्यास आमच्या समीक्षेंत बसावयास जागा नाहीं.

फ्रेंच कादंबरीकार अल्फोन्स दोदे यास मज्जारज्जूचा रोग होता. शरीर टांगून घेण्याचा अघोरी उपचारही त्यानें सोसला. 1897 सालीं तो वारला. दुखण्याविषयीं त्यानें केलेलीं तुटक टिपणें पुस्तकरूपानें निघालीं तीं तीस वर्षांहून अधिक काळानें. त्यांत कथानक नाहीं, उपदेश नाहीं. दुखणें आज कसें आलें याची नोंद आहे. त्याच्या साऱ्या कादंबऱ्यांहून मला हें लहानसें पुस्तक अधिक मोलाचें वाटतें. कोणी यास रसिकतेचा अभाव म्हणेल तर म्हणो.

हें पुस्तक मीं स्नेह्यांस तोंडीं सांगितलें आणि एक कोरी वही देऊन आलों. मागच्या महिन्यांत गेलों तेव्हां सात पानें भरलीं होतीं. माझ्याच अक्षरांत पहिल्या पानावर लिहिलेला ‘मुंग्या’ हा शब्द त्यांनीं खोडला होता. मीं विचारलें, तेव्हां म्हणाले, ‘‘मुंग्या न्हाईत सर. मुंगळे हायेत.’’