‘राष्ट्रीय पदार्थ’ : नाम आणि वस्तू

नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या ‘वर्ल्ड फूड इंडिया’ या मेळाव्यात ९१८ किलो खिचडी एकाच कढईत शिजविण्यात आली व तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली. तत्पूर्वी काही दिवस, खिचडी हा भारताचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून घोषित होणार, अशी वार्ता पसरली होती. तत्कालीन अन्नप्रक्रिया मंत्री हरसिमरत कौर बादल यांनी तिचा इन्कार केला. खिचडीची निवड केवळ विक्रमासाठी झाली आहे, असे त्यांनी सांगितले. वार्ता मिटली, वाद मिटला नाही. खिचडी सर्व प्रांतांत आढळते, म्हणून तीच राष्ट्रीय, असे एक पक्ष म्हणतो. इतक्या विविध देशाला एक पदार्थ असूच शकत नाही, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे. ती ही की, ‘खिचडी’ हा शब्द कोणत्या तरी एका वस्तूचा वाचक आहे.

तसे तो नाही. तांदूळ व डाळ एकत्र शिजविण्याची रीत जुनी आहे यात शंका नाही. संस्कृतात ‘कृसर’ हा तीळ-तांदूळ वा तांदूळ-डाळ यांच्या मिश्रणाचा वाचक शब्द आढळतो, आणि चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाशी खाल्ल्याचे नमूद केले आहे. परंतु रीत सर्वत्र असणे आणि पदार्थ एक असणे या भिन्न गोष्टी होत. तमिळांच्या वेण्पोंगलाला आणि कन्नडिगांच्या बिसिबेळे भाताला खिचडीचे अभिमानी खिचडीच्या पोटात घालतात. ते पदार्थ करणारे लोक मात्र त्यांस खिचडी म्हणत नाहीत. उलट मराठीत पाहावे. एकादशीस ज्या खिचडीचा फराळ होतो तीत तांदूळही नसतो आणि डाळही नसते. किंबहुना ती दोन्ही धान्ये त्या दिवशी वर्ज्य, म्हणूनच ही खिचडी. तिच्यातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, मिरची व भुईमूग ही चारही अमेरिका खंडातून आलेली आहेत, आणि ‘साबु’ हा शब्द मलायी ‘सागु’चा वंशज आहे. व्रतस्थ गृहिणीच्या कढईत इतके परदेशी पाहुणे एकत्र येतात आणि त्यांचा कोणासही विटाळ होत नाही, हे नमूद करण्यासारखे आहे. सारांश, नाम एक आणि वस्तू अनेक अशी येथील स्थिती आहे. अशा नामाची घोषणा करणे सोपे असते, कारण प्रत्येक श्रोता आपापली कढई डोळ्यांपुढे आणतो.

याच्या नेमके उलट उदाहरण पाहावयाचे तर कृष्णाकाठी यावे लागते. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा व त्याचा परिसर हा उसाचा आणि गुळाचा मुलूख. रोजच्या ताटात शाळूची भाकरी. खिचडी ही रात्री हलके खावयाची किंवा आजाऱ्यास द्यावयाची गोष्ट. पाहुण्यापुढे ती ठेवण्यास येथील घर संकोचेल. महाप्रसादाला किंवा गावजेवणाला या बाजूस मोठ्या कढईत जी शिजते ती खपली गव्हाची खीर, गुळाची. याच जिल्ह्यातील जत तालुक्याकडे सरकावे, म्हणजे कन्नड बोलणारी घरे लागतात. तेथे गहू-गुळाच्या याच खिरीला ‘हुग्गी’ म्हणतात. म्हणजे वस्तू एक, नामे दोन. आणि तोच ‘हुग्गी’ शब्द दक्षिण कर्नाटकात नेला, तर तेथे तो तांदूळ-मुगाच्या पदार्थाचा, म्हणजे जवळजवळ खिचडीचाच, वाचक ठरतो. जो पदार्थ दोन भाषांची सीमा ओलांडून एकाच पंक्तीला वाढला जातो, तो राष्ट्रीय पदार्थाच्या चर्चेत कोणास दिसलाही नाही. नामांची यादी करणाऱ्यास तो दिसणारही नाही.

भाषेच्या बाबतीत हा घोटाळा आपल्या घटनाकारांनी टाळला होता. अनुच्छेद ३४३ मध्ये हिंदीस संघाची राजभाषा म्हटले आहे. ‘राष्ट्रभाषा’ हे पद घटनेने कोणत्याच भाषेस दिलेले नाही. आठव्या अनुसूचीत प्रारंभी १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. यादी वाढू शकते. सिंहासन वाढू शकत नाही. तथापि ‘शासनास पदार्थ घडविता येत नाही’ असे विरोधकांनी म्हणू नये. थायलंडमध्ये ते घडले आहे. १९३९ साली सयामचे नाव बदलणाऱ्या फिबुन सोंगख्राम यांच्या राजवटीत चिनी पद्धतीच्या तांदळाच्या शेवयांना ‘पॅड थाय’ या नावाने उत्तेजन मिळाले, आणि त्याच राजवटीने १९४० मध्ये थाई भाषेविषयीही आज्ञा काढली. एकच पदार्थ आणि एकच भाषा या मागण्या तेथे एकाच हाताने लिहिल्या गेल्या. मोराला राष्ट्रीय पक्षी केल्याने कोणाच्या अंगणातील चिमणी उडून जात नाही. ताटाचे तसे नाही.

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, भारतीय राष्ट्रीय पाकपरंपरा ही शहरी मध्यमवर्गाने आणि मुख्यतः इंग्रजी पाकपुस्तकांनी घडविली, असे प्रतिपादन केले. शहरापुरते ते मान्य करावयास हरकत नाही. परंतु जे स्वयंपाकघर पुस्तकावरून चालत नाही, त्याचा उलगडा या उपपत्तीने होत नाही. त्यासाठी पुस्तकाच्या कपाटाऐवजी धान्याच्या गोदामाकडे पाहिले पाहिजे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास आरंभी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर अन्न शाळेतच शिजू लागले. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाचा. प्राथमिक वर्गांसाठी दर मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम. त्याचे काय शिजणार, हे धान्यानेच ठरविले. पुढे पाककृती वाढल्या, तरी ‘शाळेतली खिचडी’ हे नाव बोलण्यातून गेले नाही. २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे राज्याने ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. त्या वेळी राष्ट्रीय पदार्थाचा उल्लेख कोणी केला नाही, पण मुलांच्या ताटात काय असावे आणि काय नसावे, याचा तो निर्णयच होता.

मंत्र्यांनी इन्कार केलेली घोषणा अशा रीतीने कोणत्याही समारंभावाचून अमलात आली आहे. शाळूच्या मुलखातील मूल दुपारी तांदूळ खाते आणि घरी भाकरी. त्यांतील कोणती चव त्याला पुढे ‘आपली’ वाटेल, हे अद्याप ठरावयाचे आहे. एके काळी याच मुलखात गरिबाच्या घरी जोंधळ्याच्या कण्या शिजत आणि त्या ताकाबरोबर खाल्ल्या जात. भरडलेले धान्य मऊ शिजवून पोट भरण्याचीच ती रीत होती. तिला खिचडी कोणी म्हटले नाही, म्हणून खिचडीच्या गणनेत ती आली नाही. आणि आता ‘कण्या’ म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावे लागते.