कातड्यावरचे सोने

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल्यी आंजेली मठात चौदाव्या शतकात गायनग्रंथ घडले. डॉन याकोपोने अक्षरे लिहिली, डॉन सिल्व्हेस्त्रोने सोन्यारंगांत चित्रे काढली. ग्रंथ घडवंचीवर उघडला की सारा वृंद दुरून वाची, एवढी पाने मोठी! मरणोत्तर मठाने त्यांचे उजवे हात जपून ठेवले, असे व्हासारी १५६८ मध्ये सांगतो. लिहित्या हाताचा हा सन्मान मला थोर वाटतो. पण पान म्हणजे कातडेच. ते चुन्यात भिजवून, ताणून, खरवडणारे हात कोणी जपले? समीक्षक सोन्याच्या तेजापाशी थांबतात. घराण्यात पहिल्यांदा पुस्तक हाती धरणारा मी मात्र आधी कातडे पाहतो. ज्या सौंदर्यशास्त्राला कातड्याचा वास येत नाही, ते अर्धेच होय.