जोस्कँचे नाव

प्रबोधनकालीन ख्रिस्ती उपासनासंगीताच्या हस्तलिखितांत रचनेच्या अंगात कर्त्याची नाममुद्रा सहसा नसते. नाव असलेच तर ते पानाच्या माथ्यावर, लेखनिकाच्या हातचे. पुष्कळदा तेही नसते. गायकवृंदाला प्रयोजन उपासनेचे होते, कर्त्याचे नव्हे, असा याचा खुलासा केला जातो. तो अपुरा आहे. त्याच काळात एका नावाला विलक्षण मोल आले होते.

ते नाव जोस्कँ दे प्रे. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०२ मध्ये त्याच्या मासरचनांचा स्वतंत्र संग्रह छापला. कास्तिल्योने १५२८ च्या आपल्या ग्रंथात सांगतो की, उर्बिनोच्या डचेससमोर गायिलेले एक मोटेट कोणालाच रुचले नाही. ते जोस्कँचे आहे असे कळताच सर्वांना आवडले. त्सार्लिनोने १५५८ मध्ये याच्या उलट हकीकत नोंदविली आहे. पोपचे गायक जे मोटेट जोस्कँचे म्हणून आदराने गात, ते आपले असल्याचे विलार्टने सांगितले, आणि त्यांनी ते गाणेच सोडले! आख्यायिकांचा अंश वगळला, तरी नाव कानाच्या आधी ऐकते एवढे उरतेच. जोस्कँ १५२१ मध्ये निवर्तला. मृत्यूनंतर तो अधिकच रचना करू लागला आहे, असा विनोद १५४० मध्ये जर्मनीत छापला गेला.

आधुनिक संशोधकाने हस्तलिखिताचे वय, स्थळ व लेखनिकाची जवळीक तपासली, हे योग्यच. अडचण शैलीच्या पुराव्यात आहे. ‘दा पाचेम’ या मासवर जोस्कँखेरीज इतरांचीही नावे आढळतात. तरीही एकोणिसाव्या शतकापासून ती त्याच्या प्रौढ शैलीचा नमुना मानली गेली. १९७२ मध्ये एडगर स्पार्क्स यांनी ती नोएल बॉल्डेवाइनची असल्याचे साधार मांडले. बॉल्डेवाइन हा मेखेलेन येथील चर्चचा गायननायक; विद्वानांखेरीज त्याला कोण ओळखतो? म्हणजे ज्या मोजपट्टीने जोस्कँचे खरेखोटे ठरवावयाचे, तिच्यावरील काही खुणा बॉल्डेवाइनच्या हातच्या होत्या. रचनेची थोरवी यामुळे उणावत नाही. उणावते ती ‘हे दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही’ या विधानाची पत. आणि ते विधान समीक्षकांना फार प्रिय असते.

‘अ‍ॅब्सलोन फिली मी’ हे मोटेट १५४० च्या छापील संग्रहात जोस्कँचे म्हणून आले. आज पुष्कळ अभ्यासक ते प्येर द ला र्‍यूचे मानतात. आठव्या हेन्रीसाठी सिद्ध झालेल्या, आता ब्रिटिश ग्रंथालयात असलेल्या जुन्या पोथीत मात्र त्यावर कोणाचेच नाव नाही. तेथे केवळ पुत्रशोकाने रडत पाताळात उतरू पाहणारा पिता आहे, आणि त्याच्या शब्दांबरोबर खोल खोल जाणारे चार कंठ.