स्थायी खुणा आणि क्षणिक खुणा : स्वतंत्र चित्रकथेतील पात्रांची पुनर्घटना

१

कादंबरीतील आणि नाटकातील पात्रांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. चित्रकथेला मात्र तिने बहुधा बालवाचनाच्या कोपऱ्यातच ठेवले. वस्तुतः चित्रकथेतील पात्राची घडण हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. कादंबरीकार आपल्या नायकाचा चेहरा एकदा वर्णन करून मोकळा होतो; चित्रकथाकाराला तो चेहरा शेकडो वेळा काढावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो तोच असला पाहिजे व तरीही वेगळा दिसला पाहिजे. जी चित्रकथा चित्रकार स्वतःच छापतो, अगर एखादी लहान स्वतंत्र संस्था काढते, तिच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे पात्र ठरावीक साच्यात ठेवण्याची व्यापारी सक्ती नसते. रूढ पात्र मोडून नव्याने घडविण्याची मुभा असते. ही मुभा कशासाठी वापरावी, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्याची चर्चा अखेरीस यवतमाळ जिल्ह्यापाशी येऊन थांबेल. कारण या जिल्ह्यातील माणसाचे एक चित्र आज सर्वत्र रूढ झाले आहे, आणि ते नव्याने काढण्याची निकड आहे.

२

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर विचार ज्याने केला, तो स्वतःच स्वप्रकाशक होता. जिनिव्हा येथील शिक्षक रोडोल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) हा आपल्या विद्यार्थ्यांच्या व मित्रांच्या करमणुकीसाठी चित्रमय गोष्टी काढीत असे. कागदावर सरळ रेखाटलेले चित्र शिळेवर उतरविण्याची सोपी पद्धत हाती आल्यावर त्याने त्या छापल्या, त्यांपैकी 'मि. जाबो' ही १८३३ साली छापली गेली. पुढे १८४५ साली मुद्राशास्त्रावरील आपल्या निबंधात त्याने चेहऱ्यावरील खुणांचे दोन वर्ग केले. कपाळाची ठेवण, नाकाची लांबी, हनुवटीचा उतार या स्थायी खुणा. हसणे, रडणे, दचकणे, रागावणे यांनी उमटतात त्या क्षणिक खुणा. टॉप्फरचे निरीक्षण असे, की क्षणिक खुणा कधी फसवीत नाहीत, स्थायी खुणा मात्र नेहमी फसवू शकतात. नाकावरून माणसाचा स्वभाव सांगता येत नाही. पण तो या क्षणी भ्याला आहे, हे चेहरा खात्रीने सांगतो.

चित्रकथेतील पात्रासाठी या भेदाचा अर्थ मोठा आहे. स्थायी खुणांमुळे आपण पात्र ओळखतो; क्षणिक खुणांमुळे ते जिवंत आहे असे आपल्याला वाटते. ज्या पात्राला केवळ स्थायी खुणाच उरतात ते चिन्ह बनते, आणि चिन्हाला वंदन करता येते, त्याची कीव करता येते, परंतु त्याच्याबरोबर चार पावले चालता येत नाही.

३

या दृष्टीने 'भीमायन' (नवयान, दिल्ली, २०११) या ग्रंथाचा विचार करण्यासारखा आहे. दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने त्यातील चित्रे काढली. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी संहिता सिद्ध केली. ग्रंथाचा आधार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही आत्मकथनपर टिपणे हा आहे.

आंबेडकरांइतके स्थायी खुणांत बद्ध झालेले दुसरे व्यक्तिमत्त्व महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. निळा कोट, चष्मा, हातातील ग्रंथ, उंचावलेले बोट : गावोगावच्या पुतळ्यांनी ही आकृती निश्चित केली आहे. तीमागे समाजाची कृतज्ञता आहे आणि तिचे मोल कमी नाही. 'अमर चित्र कथा' मालिकेने १९७९ साली त्यांच्यावर पुस्तक काढले, तेव्हा मालिकेची ठरलेलीच रीत वापरली : सरळ चौकटी, यथार्थदर्शी शरीररेखा, चौकटीच्या माथ्यावर निवेदन. ही रीत चरित्र वेगाने पुढे नेते. पण एका दुःखापाशी थांबण्यास तिच्याजवळ जागा नसते.

व्याम दांपत्याने प्रथम चौकटीच नाकारल्या. पात्रांना पेटीत कोंडणे त्यांना मानवले नाही. भिंतीवर व जमिनीवर काढावयाच्या 'दिगना' या परधान नक्षीने त्यांनी पानांची विभागणी केली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आंबेडकरांना क्षणिक खुणा परत दिल्या. तहानलेल्या बाल भीमाचे धड मासा होते. महाड येथे १९२७ साली केलेल्या भाषणाच्या चित्रात ध्वनिक्षेपकांतून पाण्याच्या धारा उडतात. आगगाडी सर्पाकार होते. येथे भाव केवळ चेहऱ्यावर उमटत नाही, तो सर्व शरीरात आणि भोवतालच्या वस्तूंत पसरतो. टॉप्फरने चेहऱ्यापुरती पाहिलेली क्षणिक खूण या चित्रकारांनी सबंध पानाला दिली. आणि त्यामुळेच पुतळ्यातील पुरुष पुन्हा एकदा दहा वर्षांचा तहानलेला मुलगा होऊ शकला. पुनर्घटनेचे हे उत्तम उदाहरण आहे.

हे परधान चित्रकारांनाच साधावे, यात नवल नाही. परधान हे परंपरेने गोंडांचे गायक. बाणा हे तंतुवाद्य वाजवीत यजमान कुळाच्या देवतांच्या व पूर्वजांच्या कथा सांगणे हे त्यांचे काम. ऐकणारे कुळ समोर बसलेले असताना त्याच्याच पूर्वजाला पुन्हा उभे करावयाचे, ही त्यांची पिढीजात विद्या आहे. ती जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून कागदावर उतरली.

तथापि एका बाबतीत 'भीमायन' आपल्याच तत्त्वाला उणे पडते. सौम्य बोलणाऱ्यांच्या संवादाचा फुगा तेथे पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. योजना चतुर आहे. परंतु बोलणे वाचण्यापूर्वीच निकाल लागतो. मूळ टिपणांतील माणसे इतकी सोपी नाहीत. १९१७ साली बडोद्यात पारशी सरायीचा व्यवस्थापक पैशाच्या लोभाने का होईना, आंबेडकरांना पारशी नावाखाली ठेवून घेतो. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी गाडी हाकण्यास नकार दिला. तेव्हा पाहुण्याची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून वस्तीतल्याच नवशिक्या माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला. लोभातून घडलेला आश्रय आणि प्रेमातून घडलेला अपाय यांना पक्षी व विंचू यांच्या दरम्यान जागा कोठे आहे? नायकाला स्थायी खुणांतून सोडविताना इतरांना त्यांतच बांधले गेले, असे खेदाने म्हणावे लागते.

४

दोन अन्य कृतींचा ओझरता उल्लेख पुरे आहे. ओरिजित सेन यांच्या 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (कल्पवृक्ष, १९९४) या नर्मदेवरील चित्रकथेत शहरातून आलेला पत्रकार विष्णू आणि खोऱ्यातील गायक मलगू गायन असे दोन वाहक आहेत. पत्रकार प्रश्न विचारतो, गायक सृष्टीची कथा गातो. त्यामुळे खोऱ्यातील माणूस केवळ माहिती देणारा राहत नाही, कथाकार होतो. अभिजीत किणी यांनी मुंबईत स्वतः प्रकाशित केलेल्या 'अँग्री मावशी'चा मार्ग उलट आहे. तेथे मराठी मावशी ही पूर्णतः स्थायी खूण आहे, आणि संताप हीच तिची प्रकृती. प्रहसनाला ते शोभते. मात्र त्या रीतीने दुःखाची कथा सांगता येणार नाही.

५

आता यवतमाळ. गेल्या दोन-अडीच दशकांत या जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्याचे चित्र वृत्तपत्रांनी आणि भित्तिपत्रकांनी ठरवून टाकले आहे : भेगाळलेली जमीन, कपाळावर हात, आकाशाकडे लागलेली नजर, मागे झाडाची फांदी. २०१७ साली कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसाहून अधिक जणांचे प्राण गेले, तेव्हा या चित्रात पाठीवरच्या पंपाची भर पडली. चित्र खोटे नाही. त्यामागील मृत्यू खरे आहेत. दोष निराळा आहे. निराशा ही क्षणिक खूण. ती येथे नाकासारखी स्थायी करून टाकली गेली आहे. आणि ज्याचा स्वभावच निराशा ठरला, त्याच्या निराशेचे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. बियाण्याचा भाव, सावकाराचे व्याज, बोंडअळी, बाजारातील मापारी ही सर्व कारणे त्या एका मुद्रेआड दडतात.

मुद्रा बदलली म्हणजे काय घडते, याची झलक या शहराने पाहिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले. चित्राच्या कडेला पदराआड मूक बसविलेली आकृती व्यासपीठावरून बोलती झाली.

चित्रकथेला हे नित्य करता येईल, आणि त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने प्रसृत केलेली भित्तिचित्रकथा दोन साध्या कागदांवर, चार चौकटींत बसते. तिच्या झेरॉक्स प्रती काढून शाळेत, बसथांब्यावर, ग्रामपंचायतीत चिकटविता येतात. ज्याची गोष्ट त्यानेच ती काढावी, हे तिचे सूत्र आहे. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागांत गोंड, कोलाम व परधान वस्ती आहे. भिंतीवर नक्षी काढणारे हात दूर शोधावयास नकोत.

मात्र साधन हाती आले म्हणजे पात्र साधले, असे नव्हे. चार चौकटींत एक माणूस चार वेळा काढावयाचा, तर त्या चारही मुद्रा निरनिराळ्या हव्यात : डवरणी करताना बैलाशी बोलणारा, कापसाच्या भावावरून घासाघीस करणारा, शेजाऱ्याच्या फजितीवर हसणारा, आणि मग रात्री हिशेब मांडताना गप्प झालेला. तीन मुद्रा पाहिलेल्या वाचकालाच चौथीचा अर्थ कळतो. भाषेचेही तसेच. निवेदन प्रमाण मराठीत आणि वऱ्हाडी केवळ विनोदापुरती, ही वाटणीदेखील एक स्थायी खूणच आहे. पात्र वऱ्हाडीत विचार करीत असेल, तर निवेदनही तिच्यात का होऊ नये? आणि मापारी, सावकार, कृषी केंद्राचा दुकानदार यांनाही विंचवाची नांगी न देता माणसाचा चेहरा द्यावा. त्यांच्या व्यवहारातील अन्याय त्यामुळे अधिकच स्पष्ट दिसेल.

स्वतंत्र प्रकाशनाने मिळणारी मुभा मोलाची ठरते ती या कामी. आपल्या विभागातील जे विद्यार्थी या जिल्ह्यातील घरांतून आले आहेत, त्यांना त्या चार मुद्रा पाठ आहेत. त्यांनी त्या काढावयास घ्याव्या. समीक्षेला मग या विषयावर अधिक भरीव असे काही म्हणता येईल.