चांदीची पेटी आणि संगमरवरी चौथरा

संताच्या अस्थींभोवती कला कशी वाढते, हे मध्ययुगीन युरोपने दाखविले. कोलोनचे कॅथीड्रल १२४८ साली बांधावयास घेतले, ते मुळी तीन राजांच्या अस्थींची सुवर्णपेटी ठेवण्यासाठी. आपल्याकडे त्याचे उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जीझस.

सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ निवर्तले; देह १५५४ मध्ये गोव्यास आला. त्यासाठी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी चांदीची पेटी घडविली. तिच्यावर संतचरित्रातील प्रसंग उठविले आहेत; निरक्षरानेही बोट ठेवून वाचावे असे ते चरित्र! पुढे तस्कनीच्या ड्यूकने फोज्जीनी या शिल्पकाराकडून संगमरवरी समाधी करवून पाठविली. ती १६९८ मध्ये उभी राहिली आणि पेटी तिच्या माथ्यावर गेली.

संगमरवर देखणा आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या उंचीवर आमच्या कारागिराचे प्रसंग ओळखू येईनात. दर दहा वर्षांच्या शवप्रदर्शनात, २०२४ मध्ये झाले तसे, देह से कॅथीड्रलात नेतात. गर्दीही त्याच्यामागे जाते. चांदीकडे पाहतो कोण?

गोंदियाहून एवढ्या लांब जाणाऱ्या रसिकाने सोबत लहानशी दुर्बीण न्यावी.