जुन्या तबकड्यांचा मोह

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील प्रेम म्हणजे केवळ गतकाळाविषयीचा हळवेपणा, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात दिवसभर लेथची घरघर ऐकणाऱ्या मराठी रसिकाला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी आणि अमेरिकेतील बेसी स्मिथचे ब्लूज सारखेच का भिडावे? दोघेही १९३७ साली निवर्तले. भाषा व परंपरा मात्र सर्वस्वी भिन्न. परंतु मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीने दोघांनाही जेमतेम तीन मिनिटे दिली. त्या संकोचाने विस्तार हरपला, हे खरे. पण पाल्हाळही गळाला आणि निव्वळ आर्तता उरली. शिणलेल्या कानाला तीच हवी असते. ज्याला तबकडीच्या दुर्मिळतेचाच अभिमान, त्याला आम्ही संग्राहक म्हणू. रसिक म्हणणार नाही.